तर्क मजबूत की कमकुवत, हे ठरवता कसं तुम्ही? (हेल्मेट-पेट्रोलवाला प्रश्न)

मुग्धा_राजेंद्रनगर
नमस्कार मंडळी. बँक पीओची (म्हणजे बँकेतल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची) तयारी चालू आहे, घरीच, इंदूरला. पझल, रक्तसंबंध, दिशा वगैरे आता बरं जमतंय. पण ते विधान आणि तर्क वालं आलं की गाडी रुतते. काल वीस सोडवले, नऊ चुकले, आणि त्या नवांतल्या निम्म्यांचं उत्तर वाचूनही पटेना.

हा बघा, सरावाच्या संचात चक्क आपल्या गावचाच, पंपावरच्या हेल्मेट आदेशाचा, प्रश्न निघाला:

विधान: हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराला पंपावर पेट्रोल देणं बंद करावं का?
तर्क 1: हो, डोक्याला मार लागून होणारे मृत्यू कमी होतील.
तर्क 2: नाही, नियम पाळायला लावणं पोलिसांचं काम आहे, ते पंपावरच्या कामगारांवर टाकलं तर रोज भांडणं होतील आणि अंमलबजावणी धड होणार नाही.
तर्क 3: नाही, बऱ्याच शहरांत असा नियम नाही.
तर्क 4: हो, अपघाती मृत्यू रोखण्याचा हाच एकमेव उपाय आहे.

मजबूत कोणते, याला मी लिहिलं फक्त 1. उत्तर आहे 1 आणि 2. आता एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही, दोन्ही एकाच वेळी मजबूत कसे? आणि दुसरं, तर्कात जे सांगितलंय ते खरं धरायचं की खरं आहे का ते तपासायचं? बाबांना विचारलं तर म्हणाले, जे पटतं ते मजबूत. मला वाटतं मी नेमकं तेच करतेय म्हणून चुकतेय.

भंवरकुआं_रिटर्न
मी दोन वर्षं काढलीत यात, थेट सांगतो. "एकमेव", "फक्त", "सगळेच" दिसलं की कट. "दुसऱ्या देशात आहे", "दुसऱ्या शहरात नाही" कट. परंपरा, भावना, मोठ्या माणसाचं मत, कट. प्रश्नच उलटा फिरवून परत लिहिलाय, कट. उरलं ते मजबूत. वीस सेकंदांच्या वर एका प्रश्नाला द्यायचे नाहीत, चुकलं की पाव मार्क जातो ते वेगळं. तुझ्या प्रश्नात 3 आणि 4 असेच उडतात, बघ.

पोहे_जिरावन
तर्क 5: नाही, हेल्मेटने केस बसतात. हा माझ्या मुलाचा तर्क आहे आणि घरात त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही 😄

अभया_सुदामानगर
मुग्धा, बाबांचं वाक्य वाचून हसू आलं कारण माझे अकरावीचे विद्यार्थी अगदी हेच म्हणतात. तुझी पहिली अडचण मला वाटतं अशी आहे की तू प्रश्नाचं उत्तर शोधतेयस. पेपर तुला पेट्रोल द्यावं की नाही हे विचारतच नाहीये. तो विचारतोय की हे चार लोक जे बोलले त्यात दम किती. कोर्टात दोन्ही वकिलांचे मुद्दे चांगले असू शकतात, निकाल एकाच बाजूने लागतो, म्हणून हरलेल्याचा मुद्दा फालतू होता असं होत नाही नं.

मी वर्गात एक करायला लावते. स्वतःला कलेक्टरच्या खुर्चीत बसव. समोर हा तर्क आला. तो बरोबर आहे असं समजलं तर तुझा हात सहीवर थांबतो का? तर्क 2 ऐकून थांबतो. पंपावर रोज हाणामारी होणार असेल तर आदेश काढण्याआधी विचार करावाच लागेल. तर्क 3 ऐकून नाही थांबत. बऱ्याच शहरांत नाही, बरं मग? सूचनांमध्ये दोन अटी असतात बघ, मुद्दा महत्त्वाचा हवा आणि प्रश्नाशी सरळ जोडलेला हवा. दोन्ही पाहिजेत, एकावर भागत नाही.

आणि तर्क 1 बद्दल तुझी सहमती आहे म्हणून तो तुला लगेच दिसला, 2 तुला आवडला नाही म्हणून सुटला. इथे स्वतःचं मत उंबऱ्याबाहेर ठेवून आत यावं लागतं.

क्लॅटवाली
अभया ताई, "बरोबर आहे असं समजलं तर" हे सगळीकडे लागू नाही होत. मी क्लॅटची, म्हणजे लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतेय. तिथे 2020 पासून सगळं उताऱ्यावर असतं आणि उताऱ्यात जे दिलंय ते खरं धरूनच चालायचं, मग कोणत्या पर्यायाने तर्क बळकट होतो नि कोणत्याने ढिला पडतो एवढंच बघायचं. पण बँकेच्या या जुन्या पद्धतीच्या प्रश्नात तर्क 4 सुद्धा खरा धरला तर? "हाच एकमेव उपाय" हे खरं धरलं तर तो सगळ्यात मजबूत होईल की! पण उत्तरात तो कमकुवत आहे. म्हणजे इथे खरं धरत नाहीत.

भंवरकुआं_रिटर्न
म्हणूनच म्हणतो नियम लक्षात ठेवा, तत्त्वज्ञान नको.

अभया_सुदामानगर
@क्लॅटवाली, मुद्दा बरोबर धरलास. मी घाईत अर्धवट लिहिलं. आकडेवारी तपासायला बसायचं नाही, पण तर्कातलं वाक्य साधारण माणसाला सहज पटेल असं हवं. "हेल्मेटने डोकं वाचतं" याला कोणी पुरावा मागत नाही. "हाच एकमेव उपाय" याला मागतो, रस्ते, वेग, दारू पिऊन चालवणं, सगळं डोळ्यांसमोर येतं.

निवृत्त_मास्तर
मुलांनो, ही भांडणं फार जुनी आहेत, आणि आपल्याकडे त्यांना नावंही आहेत. गौतमांच्या न्यायसूत्रात, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, हेत्वाभास पाच सांगितलेत. हेत्वाभास म्हणजे दिसायला कारण, पण कारण नसलेलं. सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम, कालातीत. पाठ करायची गरज नाही, दोन घ्या, तुमच्याच प्रश्नात बसलेत.

साध्यसम म्हणजे जे सिद्ध करायचंय तेवढंच असिद्ध कारण पुढे करणं. तर्क 4 बघा. बंद करावं का, हा वाद आहे, आणि कारण काय, तर हाच एकमेव उपाय. अहो, तेच तर सिद्ध करायचंय. कर्ज फेडायला दुसरं कर्ज काढावं तसं झालं. क्लॅटवालीने विचारलं की खरं का धरत नाहीत, त्याचं उत्तर मला यात दिसतं.

सव्यभिचार म्हणजे जे कारण दोन्हीकडे फिरतं. तर्क 3, बऱ्याच शहरांत नाही. बऱ्याच शहरांत चांगल्या गोष्टी नाहीत आणि वाईट गोष्टीही नाहीत. त्या कारणाचा हात धरून तुम्ही कुठेही पोहोचाल.

अजून एक सांगतो. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं, जसं स्वयंपाकघरात. पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही, तापून लाल झालेला लोखंडी गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. भंवरकुआंला, त्या क्लासेसच्या भागात, ते मोठे बोर्ड लागलेले असतात नं, निवड झालेल्यांचे फोटो? निवड झालेले सगळे या क्लासला होते, हे खरं असेल. म्हणून या क्लासला जाणाऱ्या सगळ्यांची निवड होते? लोखंडाचा गोळा आठवा. न निवडलेल्यांचा बोर्ड कोणी लावत नाही.

पोहे_जिरावन
मास्तर, तुमच्यासारखे शिकवणारे आम्हाला मिळाले असते तर! बाकी कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हेही यातच येतं का? आमच्या दुकानासमोर रस्ता नवा झाला आणि त्याच महिन्यात विक्री वाढली. मी सगळ्यांना सांगत सुटलो रस्त्यामुळे वाढली. बायको म्हणाली, अहो दिवाळी होती. तिनेच वही काढून मागच्या वर्षीचा तोच महिना बघितला, विक्री जवळपास तेवढीच.

निवृत्त_मास्तर
अगदी. त्याला काकतालीय न्याय म्हणतात. आणि वहिनींनी जे केलं, मागच्या वर्षीचा तोच महिना काढणं, तेच खरं तपासणं.

मालवा_मिल_चा_पोरगा
भंवरकुआं भिया, तुमचे नियम मला पण क्लासमध्ये शिकवलेले, आणि मी त्यांच्यावर आपटलो आहे म्हणून बोलतोय. "दुसऱ्या शहरात" दिसलं की कट, असं नाही चालत. बीआरटीएसचा, म्हणजे रस्त्यातल्या फक्त बसेससाठीच्या वेगळ्या मार्गिकेचा, वाद घ्या. आपल्याकडे 2013 ला सुरू झाली, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, सुमारे साडेअकरा किलोमीटर. फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टाने काढायला परवानगी दिली. त्याआधी चहाच्या टपरीवर दोन प्रकारचे लोक भेटायचे. एक म्हणायचा, भोपाळने काढली, आपणही काढा. दुसरा म्हणायचा, भोपाळने 2024 ला काढायला घेतली, तिथे बसेसचा वेळ वाढला की कमी झाला, बाकीच्या गाड्यांना किती जागा मिळाली ते बघा आणि मग ठरवा. दोघांच्या तोंडी भोपाळच. पहिला नक्कल सांगतोय, दुसरा अनुभव सांगतोय. तुमच्या नियमाने दोघेही कट.

तसंच "फक्त" चं. "नाही, या मार्गावर रात्री फक्त हीच बस आहे" यातला फक्त कशाला कापायचा? ती माहिती आहे, आणि प्रश्न ती बस बंद करण्याचा असेल तर सगळ्यात मोठा मुद्दा तोच.

भंवरकुआं_रिटर्न
हे पटलं. मी नियम म्हणून सांगितलं, शंका येण्याची खूण म्हणून सांगायला हवं होतं. तो शब्द दिसला की थांबून वाच, असं. माझे पण मेन्समध्ये (मुख्य परीक्षेत) असेच दोन गेले होते.

डॉ_माई
मी थोडी वेगळी बाजू मांडते, कारण मला तर्क 1 च इतका साधा वाटत नाही. हेल्मेट काम करतं यात शंका नको. 2008 चा एक मोठा आढावा आहे, अनेक अभ्यास एकत्र करून, त्यात दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. मी स्वतः रात्रपाळीत डोकं फुटून आलेली पोरं पाहिली आहेत, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. माझ्या मुलाला मी हेल्मेटशिवाय किल्ली देत नाही.

पण तर्क 1 मध्ये दोन उड्या आहेत. पंपाचा नियम केला की लोक हेल्मेट घालतील, ही पहिली. हेल्मेट घातलं की मृत्यू कमी होतील, ही दुसरी. आढावा दुसऱ्या उडीचा आहे. पहिलीचा पुरावा कोणी दिलेला नाही. मजबूत दुसरी असते आणि आपण नकळत तिच्या जोरावर पहिलीही मान्य करतो.

रामबागवाला
माईंनी पहिल्या उडीचं म्हटलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. 1 ऑगस्ट 2025 पासून इंदूर-भोपाळला आदेश लागू झाला, त्याच आठवड्यात मी एका पंपावर रांगेत होतो. माझ्या पुढे सहा गाड्या. पहिल्याने हेल्मेट घातलेलं, निळं, मागे पोपटाचं स्टिकर. त्याचं पेट्रोल झालं, तो पुढे जाऊन थांबला, हेल्मेट काढून मागच्याला दिलं. मागच्याने घातलं, पेट्रोल घेतलं, त्याच्या मागच्याला दिलं. पोपट चार डोक्यांवरून फिरून परत मालकाकडे गेला. नोझल धरलेला मुलगा सगळं बघून राहिला होता, वीस-बावीस वर्षांचा असेल, काही बोलला नाही. बोलून करणार काय, मागे हॉर्न वाजत होते. मला त्याच्या जागी उभं राहायचा विचार करूनच घाम फुटला.

म्हणजे तर्क 2 किती मजबूत आहे ते तिथे कळलं. आणि हेही सांगतो, त्या रांगेत मी धरून तिघांकडे स्वतःची हेल्मेटं होती, आणि माझं त्याच दिवशी सकाळी घेतलेलं होतं. म्हणजे 1 पण खोटा नाही.

क्लॅटवाली
काका, पोपट!! 😂 पण खरंच, एका रांगेत दोन्ही तर्क उभे होते. यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात नाही.

मुग्धा_राजेंद्रनगर
सगळ्यांचं वाचतेय, वहीत उतरवून घेतेय. माई, मग परीक्षेत तर्क 1 कमकुवत म्हणायचा का?

डॉ_माई
नाही बाळा. नियम केला की बरेच लोक पाळतात, ही साधारण पटणारी गोष्ट आहे, अभया म्हणाली तशी. पेपरात मजबूतच. मी आदेश काढणाऱ्याच्या बाजूने बोलत होते, त्याने मात्र दोन्ही उड्या मोजायला हव्यात.

रामबागवाला
थोडं विषयांतर करतो, चालवून घ्या. भंवरकुआंने वर लिहिलं, भावना दिसली की कट. आमच्या घरी सध्या वाद चालू आहे, रामबागेतलं जुनं घर विकायचं का. आम्ही तिघं भाऊ. एक दिवस मी वैतागून लाइटबिलाच्या पाठीवर सगळ्यांचे मुद्दे लिहून काढले. धाकटा म्हणतो, विका, आजूबाजूच्या सगळ्यांनी विकलं. मधला म्हणतो, विका, दर पावसाळ्यात दुरुस्तीचा खर्च तिघांना झेपत नाही. मी म्हणतो, नको, आजोबांनी बांधलंय. आणि आई म्हणते, नको, माझं सगळं इथे आहे.

लिहिल्यावर दिसलं की माझा आणि धाकट्याचा मुद्दा अगदी हलका आहे. शेजाऱ्यांनी विकलं हे काही कारण नाही, आणि आजोबांनी बांधलं म्हणून छत गळायचं थांबत नाही. मधल्याचा वजनदार. पण आईचा? तुमच्या नियमाने तो भावनिक, म्हणून कट. मला तो कापता येईना.

भंवरकुआं_रिटर्न
काका, परीक्षेत असता तर मी कापलाच असता. पण आता मलाच प्रश्न पडला.

निवृत्त_मास्तर
रामबागवाले, आई तिथे राहते का?

रामबागवाला
हो. वय 81. समोरचं मंदिर, मागच्या गल्लीतल्या दोन मैत्रिणी, कोपऱ्यावरचा दूधवाला जो ती दिसली नाही तर वर येऊन विचारतो. फ्लॅटमध्ये नेलं तर यातलं काही नाही.

निवृत्त_मास्तर
मग तो मुद्दा तुम्ही भावनिक समजताय, पण त्यात माहिती आहे. घर विकलं तर जी व्यक्ती रोज तिथे राहते तिच्या आयुष्यात काय होईल, हे ती सांगतेय. प्रश्नाशी याहून सरळ जोडलेलं काय असणार? "माझं सगळं इथे आहे" हे चार शब्द उलगडले की दूधवाला निघाला. उलगडून काही निघतं का, ते बघायचं. तुमच्या "आजोबांनी बांधलंय" मधून काय निघतं ते तुम्हीच बघा, मी सांगणार नाही.

मालवा_मिल_चा_पोरगा
मास्तर 🙏

अभया_सुदामानगर
हे मी उद्या वर्गात सांगणार, रामबागवाले काकांची परवानगी असेल तर. आणि मास्तर, ते वाद, जल्प, वितंडा पण सांगा नं, तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं.

निवृत्त_मास्तर
थोडक्यात. खरं काय ते कळावं म्हणून बोलणं तो वाद, जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प, आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता समोरच्याचं खोडत बसणं ती वितंडा. मराठीत वितंडवाद शब्द तिथूनच आला. तिघे भाऊ बसाल तेव्हा कोण काय करतोय ते आधी ओळखा.

पोहे_जिरावन
आमच्या सोसायटीच्या मीटिंगला तिन्ही एका टेबलावर असतात, वर कचोऱ्या.

मुग्धा_राजेंद्रनगर
परत आले. आज नवा संच सोडवला, वीसपैकी चार चुकले. प्रत्येक तर्कापुढे पेन्सिलने दोन खुणा केल्या, महत्त्वाचा आहे का, जोडलेला आहे का, आणि माझं मत काय ते कोपऱ्यात लिहून झाकून ठेवलं. वेळ मात्र जास्त लागला, प्रश्नाला चाळीस सेकंद.

आणि एक प्रश्न मीच बनवला, इंदूरला 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावर गुन्हा दाखल करायचं प्रशासनाने ठरवलं होतं, त्यावरून. भीक देण्यावर बंदी असावी का? 1: हो, पैसे मिळणं थांबलं की लहान मुलांना भीक मागायला लावणाऱ्यांचा धंदा बसेल. 2: नाही, दान आपल्या संस्कृतीत आहे. 3: नाही, पुनर्वसनाची सोय पुरेशी नसेल तर त्या दिवशी ज्याला खायला नाही तो उपाशी राहील. माझं उत्तर 1 आणि 3. दोनवर अडले, मास्तरांनी सांगितलं तसं उलगडायला गेले तर काही निघालं नाही, कारण दान संस्थेलाही देता येतं. बरोबर आहे का?

क्लॅटवाली
बरोबर! आणि 3 मधलं "नसेल तर" छान आहे, दावा उगाच मोठा नाही केलास. हा मी माझ्या ग्रुपवर टाकू?

भंवरकुआं_रिटर्न
बरोबर. चाळीस सेकंदांचं टेन्शन नको, महिनाभरात पंचविसावर येतं. खुणा मनात करायला लागशील.

मुग्धा_राजेंद्रनगर
टाक गं. बाबांनाही सोडवायला दिला, ते म्हणाले फक्त 2. विचारलं का, तर म्हणे, पटतो 🙂 मग मी कलेक्टरच्या खुर्चीचं सांगितलं. पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, 3 पण घे.

रामबागवाला
अभया ताई, सांगा वर्गात, आईलाही विचारलं, ती म्हणाली दूधवाल्याचं नाव नको घेऊ म्हणावं. माझा आजोबांचा मुद्दा मी खोडला. उलगडून बघितला, त्यात फक्त मीच निघालो. आता प्रश्नच बदललाय, विकायचं का ऐवजी छताचा खर्च तिघांत कसा वाटायचा. रविवारी धाकटा येतोय. बिलाची पाठ भरली म्हणून शंभर पानी वही आणलीय.